पाच मुलगे असूनही बुडालेलं घराणं: विल्यम मार्शलच्या वारशाचं प्रकरण

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ टेंपल चर्च आहे. तिथल्या गोल दालनात जमिनीवर दगडी नाइट उताणे पडलेले आहेत, अंगात साखळ्यांचं चिलखत आणि बाजूला ढाल. त्यातली एक मूर्ती पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, विल्यम मार्शल याची मानली जाते आणि आणखी दोन त्याच्या मुलांच्या, थोरल्या विल्यमची आणि तिसऱ्या गिल्बर्टची. 10 मे 1941 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात चर्चचं जळतं छप्पर खाली आलं आणि मूर्ती भाजून तडकल्या. मात्र या तिघांच्या घराण्याला तडा गेला होता तो त्याच्या सातशे वर्षं आधीच.

विल्यम मार्शल 14 मे 1219 रोजी वारला तेव्हा त्याच्यामागे पाच मुलगे आणि पाच मुली होत्या. इंग्लंड, वेल्स, आयर्लंड आणि नॉर्मंडी अशा चार मुलखांत जमिनी होत्या. राजा अल्पवयीन असल्यामुळे देशाचा कारभार त्याने सुमारे अडीच वर्षं स्वतः पाहिला होता. डिसेंबर 1245 सरायच्या आत त्याचे पाचही मुलगे गेले आणि त्यातल्या एकालाही औरस मूल नव्हतं. सव्वीस वर्षांत नाव संपलं आणि जमीन मुलींच्या सासरी वाटली गेली.

घराणी बुडाल्याच्या गोष्टी इतिहासात पुष्कळ आहेत. ही मला अभ्यासावीशी वाटते, कारण इथे वारस नसल्याची चिंता कुणाला कधी पडावी अशी वेळच दिसत नव्हती. पाच मुलगे हाताशी असताना कोण घाबरेल?

पार्श्वभूमी

विल्यमचा जन्म सुमारे 1147 चा. बाप जॉन मार्शल राजाच्या पदरी होता. मार्शल हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा होता. राजाची घोडी आणि दरबारातली शिस्त ही त्या हुद्द्याची कामं. पुढे तोच हुद्दा घराण्याचं नाव झाला. विल्यम चौथा मुलगा होता, त्यामुळे वाट्याला जमीन येण्याची आशा जवळजवळ नव्हती.

1152 मध्ये राजा स्टीफनने बापाच्या न्यूबरीच्या गढीला वेढा घातला तेव्हा बापाने तहाची हमी म्हणून पाच-सहा वर्षांच्या विल्यमला ओलीस दिलं आणि मग तह मोडला. पोराला फासावर देईन, अशी धमकी राजाकडून आली. त्यावर बापाने उलट निरोप धाडला की याहून चांगले मुलगे घडवायला लागणारी ऐरण आणि हातोडा अजून माझ्याजवळ आहेत. स्टीफनच्या हातून पोराला मारणं झालं नाही. पुढे एकदा हाच राजा आणि हाच ओलीस मुलगा तंबूत बसून गवताच्या काड्यांचे नाइट करून लढाई-लढाई खेळत होते. हे सगळं एका दीर्घ चरित्रकाव्यात आहे. एकोणीस हजारांहून जास्त ओळींचं हे काव्य थोरल्या मुलाने बापाच्या पश्चात लिहून घेतलं. कौतुक हाच हेतू असल्यामुळे ते जपूनच वाचावं लागतं, तरी मृत्युशय्येचे दिवस त्यात इतक्या बारकाईने आले आहेत की जवळच्या माणसांच्या आठवणींवाचून ते कुणाला लिहिताच आलं नसतं.

बापाने वाऱ्यावर सोडलेला हा मुलगा तलवारीवर वर आला. नॉर्मंडीतल्या तांकारव्हिलला शिक्षण, मग टूर्नामेंट. त्या काळच्या टूर्नामेंट म्हणजे मैलोन्‌मैल मोकळ्या रानात दोन फौजांची झुंज असे. हरलेल्या नाइटाला पकडायचं, त्याचा घोडा आणि शस्त्रं घ्यायची आणि खंडणी वसूल करायची. विल्यम आणि त्याचा एक भागीदार यांनी एकदा दहा महिन्यांत 103 नाइट पकडले. पण ही कमाई रोख होती. जमीन मिळाली ती लग्नात.

1189 च्या ऑगस्टमध्ये नवा राजा रिचर्ड याने त्याला इझाबेल द क्लेअर दिली. ती सुमारे सतरा वर्षांची, हा चाळिशी ओलांडलेला. इझाबेलचा बाप स्ट्राँगबो या नावाने प्रसिद्ध असलेला सरदार आणि आई इफा ही आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टो, आयर्लंडमधला लेन्स्टर, नॉर्मंडीत लाँगव्हिलचा अर्धा वाटा, हे सगळं इझाबेलच्या अंगाने आलं. 1194 मध्ये थोरला भाऊ वारला आणि मार्शलचा हुद्दा आला. 1199 मध्ये राजा जॉनने पेम्ब्रोकचा अर्ल केलं.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवायला हवी. हे घराणं उभं राहिलं ते पुत्र नसलेल्या एका घराच्या मुलीवर. स्ट्राँगबोचा मुलगा लहानपणी गेला, म्हणून इझाबेल वारस झाली आणि तिच्या नवऱ्याला लेन्स्टर मिळालं. जे मार्शलच्या घरात आलं, तेच पुढे त्याच वाटेने त्याच्या घरातून बाहेर गेलं.

अडचण कुठे होती

इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात मुलगे असतील तर सगळी जमीन थोरल्याला. तो निपुत्रिक गेला तर पाठच्या भावाला, मग त्याच्या पाठच्याला. एकही मुलगा उरला नाही तर चुलत-मावस पुरुषांकडे जमीन जात नसे, मुलींकडे जाई. मुलींमध्ये मात्र थोरली-धाकटी हा भेद नव्हता. सगळ्यांना सारखा वाटा, आणि मुलगी आधी गेली असेल तर तो वाटा तिच्या मुलांना. म्हणजे मुलगे आहेत तोवर जमीन अखंड आणि मुलगे संपले की त्याच दिवशी तिचे तुकडे.

दत्तक का नाही घेतलं, हा मराठी माणसाला लगेच पडणारा प्रश्न. वारस म्हणून दत्तक घेण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात नव्हती. दत्तकाचा कायदाच तिथे 1926 साली आला. जमीन फक्त पुरुषांच्या ओळीत राहील असं बांधून ठेवण्याची पद्धतही 1219 मध्ये रुळलेली नव्हती. मृत्युपत्राने जमीन हवी तशी फिरवता येत नसे. हयातीत देऊन टाकलेली जमीन तेवढी धाकट्यांच्या हाती लागे.

शिवाय प्रत्येक वारसाच्या वेळी राजा मध्ये असे. भाऊ मेला म्हणून दुसरा भाऊ आपोआप अर्ल होत नसे. त्याने राजापुढे जाऊन निष्ठेची शपथ घ्यायची, ठरलेलं शुल्क भरायचं, मग ताबा मिळायचा. राजाच्या मनात आलं तर यात महिने जात. आणि प्रत्येक मेलेला भाऊ मागे एक विधवा ठेवून जाई. तिला हयातभर नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळायचा. निपुत्रिक भाऊ ओळीने गेले तर विधवांचे हिस्से साठत जातात आणि पुढच्याच्या हाती कमी कमी येत जातं.

1219 च्या वसंतात, निर्णय घेण्याच्या वेळी, चित्र असं होतं. पाच मुलींपैकी चौघींची लग्नं मोठ्या घरांत झालेली. थोरली मॉड बिगॉडांकडे, आईच्याच नावाची इझाबेल क्लेअरांकडे, सिबिल फेरर्सांकडे, ईव्हा ब्रिओसांकडे. मॉडला मुलगाही झालेला. पाच मुलग्यांपैकी एकालाही मूल नव्हतं. थोरला विल्यम एकोणतिशीचा, बायको वारलेली, पुन्हा लग्न केलेलं नाही.

मृत्युशय्येवरचे निर्णय

मार्चमध्ये म्हाताऱ्याने लंडन सोडलं. थेम्स नदीने दोन नावा वर निघाल्या, एकीत तो आणि दुसरीत इझाबेल. रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला स्वतःच्या घरी त्याला मरायचं होतं. तिथे त्याने आधी राज्याचा प्रश्न सोडवला. बाल राजा तिसरा हेन्री कुणाच्या हाती द्यायचा? विंचेस्टरचा बिशप पीटर द रोश याचा त्यावर डोळा होता. मार्शलने राजाला पोपच्या प्रतिनिधीच्या, पँडल्फच्या, हवाली केलं, कारण कुठल्याही एका सरदाराच्या हाती दिला तर बाकीचे जळतील. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पीटर द रोश या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मग घरची वाटणी. थोरल्या विल्यमला वडिलोपार्जित जमीन, आणि आईच्या पश्चात आईची सगळी. दुसऱ्या रिचर्डला नॉर्मंडीतली जमीन आणि इंग्लंडमधलं लाँग क्रेंडन. नॉर्मंडी 1204 मध्ये फ्रान्सच्या राजाने जिंकली होती. तिथली जमीन राखायची तर फ्रान्सच्या राजाशी निष्ठा हवी, आणि दोन राजांची चाकरी करण्यापायी मार्शलने जॉनची मर्जी गमावून, दोन मुलगे ओलीस देऊन भोगलं होतं. ते ओझं एकाच्या डोक्यावर नको, म्हणून दोन राजे दोन मुलग्यांत वाटले. तिसरा गिल्बर्ट धर्मसेवेच्या वाटेवर. चौथ्या वॉल्टरला गुडरिचचा किल्ला.

धाकट्या ॲन्सेल्मला मात्र त्याने काहीच ठेवलं नाही. आपण वर आलो तसा तोही येईल, नाइट होईल, त्याला जवळ करणारा कुणी भेटेल, असं त्याचं म्हणणं. अर्लीचा जॉन हा त्याचा तीस वर्षांचा सोबती खाटेपाशी होता. त्याने रदबदली केली, असं करू नका म्हणून विनवलं. तेव्हा 140 पौंड वार्षिक उत्पन्नाची जमीन ॲन्सेल्मच्या नावे झाली. स्वतः ओलीस म्हणून टाकून दिलेला मुलगा धाकट्या लेकाला मोकळ्या हाताने जगात पाठवायला निघतो, हे वाचताना मी दर वेळी थबकतो. त्याला ते क्रूर वाटलं नसणार. त्याच्या अनुभवात जगाने टाकून दिलेल्याचं भलंच झालं होतं.

आणि जोन. पाचवी मुलगी, अजून लग्न व्हायची. हिचं लग्न झालेलं पाहिलं असतं तर जीव हलका झाला असता, असं तो म्हणाला. तिला 30 पौंडांची जमीन आणि रोख 200 मार्क (मार्क हे तेव्हाचं पैशाचं माप) ठेवले.

त्याच दिवसांतली एक दुपार काव्यात आली आहे. म्हाताऱ्याला गावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. जॉन म्हणाला, मुलींना बोलवू या. मॉडने एक कडवं म्हटलं. मन नव्हतं, पण बापाचा शब्द मोडवेना. मग जोनला सांगितलं. ती खालमानेने, दबल्या आवाजात गायली. बापाने तिला थांबवलं, गाताना अशी लाजू नकोस म्हणाला आणि शब्द कसे उच्चारायचे ते स्वतः म्हणून दाखवलं.

या सगळ्या तपशिलात एक गोष्ट मला सापडत नाही. थोरल्याच्या दुसऱ्या लग्नाची कुणी बोलणी काढलेली दिसत नाहीत. मुलीच्या लग्नाचा घोर होता, मुलग्यांच्या लग्नांचा नव्हता. पाच मुलगे असलेल्या बापाला तो का असावा, हेही खरंच. पण संपूर्ण प्रकरणाची गाठ मला इथेच दिसते.

थोरल्याचं लग्न: कोणते पर्याय होते

1220 मध्ये आईही गेली आणि तीस वर्षांचा विल्यम देशातल्या सर्वात मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, इंग्लंडमधल्या एखाद्या सरदाराची वयात आलेली मुलगी. यात नवी जमीन कदाचित थोडी आली असती, पण दोन-तीन वर्षांत पाळणा हलण्याची शक्यता सर्वात जास्त. बहिणींनी हेच केलं होतं. दुसरी वाट, समुद्रापलीकडची सोयरीक. राजाच्या सल्लागारांना हिचीच धास्ती होती. लेन्स्टर आणि पेम्ब्रोक ज्याच्या हाती, ज्याचा भाऊ नॉर्मंडीत फ्रान्सच्या राजाचा सरदार, त्याने परक्या मुलखात सासर केलं तर इंग्लंडच्या राजाला झोप लागली नसती. तिसरी वाट म्हणजे राजाचीच धाकटी बहीण एलेनॉर.

विल्यमने तिसरी निवडली. बोलणी काही वर्षं रेंगाळली आणि 23 एप्रिल 1224 रोजी लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची, नवरा चौतिशीचा.

मानमरातबाच्या हिशेबात याहून मोठी सोयरीक नव्हती. ज्याचा आजा घोडी सांभाळणाऱ्या हुद्द्यावर होता, तो राजाचा मेहुणा झाला. पण एलेनॉर संसाराला लागेपर्यंत आणखी पाच वर्षं गेली. पहिल्या बायकोच्या मृत्यूपासून मोजलं तर दहा-बारा वर्षं या घराण्याच्या मुख्य पुरुषाला औरस मूल होण्याची शक्यताच नव्हती. 6 एप्रिल 1231 रोजी तो अचानक वारला. आठवड्यापूर्वीच त्याने विधवा बहीण इझाबेल हिचं राजाच्या भावाशी, कॉर्नवॉलच्या रिचर्डशी, लग्न लावून दिलं होतं. एलेनॉर तेव्हा सोळाची होती.

तिच्या तिसऱ्या हिश्शाचं काय झालं तेही सांगायला हवं. आयर्लंड आणि वेल्समधल्या हिश्शाच्या बदल्यात तिला वर्षाला 400 पौंडांवर राजी केलं गेलं. रक्कम कमी होती आणि वेळेवर येतही नव्हती. 1238 मध्ये तिने पुढे राजाविरुद्ध उठलेला सरदार सिमाँ द माँफोर याच्याशी लग्न केलं आणि मार्शलांच्या घरचं हे थकलेलं देणं त्याच्या आणि राजाच्या भांडणातलं एक जुनं दुखणं झालं. 1259 मध्ये इंग्लंड-फ्रान्स तह अडून बसला, कारण हा पैसा मिटल्याशिवाय एलेनॉर नॉर्मंडीवरचा वडिलोपार्जित हक्क सोडायला तयार नव्हती. एका निपुत्रिक भावाच्या विधवेचा हिशेब अठ्ठावीस वर्षांनी दोन राजांच्या तहापर्यंत पोचला.

उरलेले चार भाऊ

रिचर्ड नॉर्मंडीतून आला तो फ्रान्सच्या राजाचा सरदार म्हणून. बापाने दोन राजे दोन मुलग्यांत वाटले होते, ते आता एकाच्याच अंगावर आले. हेन्रीने ताबा द्यायला टाळाटाळ केली आणि ऑगस्ट 1231 मध्ये दिला. वर्षभरात पीटर द रोश राजाच्या कानाशी परत आला. तेरा वर्षांपूर्वी मार्शलने ज्याच्या हाती राजा द्यायचं टाळलं होतं, तोच हा. त्याच्या माणसांसाठी राजा न्यायनिवाडा न करता लोकांच्या जमिनी काढून घेऊ लागला. गिल्बर्ट बॅसेटचं अपॅव्हन गाव असंच गेलं. बॅसेट मार्शलांच्या गोटातला.

रिचर्डपुढे पर्याय होते: गप्प बसणं, दरबारात जाऊन भांडणं, किंवा शस्त्र उचलणं. दरबारात जाणं म्हणजे पकडलं जाण्याचा धोका. त्याने वेल्सचा राजा लूएलिन याच्याशी हात मिळवला आणि लढला. मॉनमथपाशी जिंकला, श्रूजबरी जाळलं, आणि मग आयर्लंडमधली स्वतःची जमीन वाचवायला तिकडे गेला. 1 एप्रिल 1234 रोजी करा (Curragh) नावाच्या माळावर वाटाघाटींची लढाई झाली, म्हणजे बोलणी सोडून शस्त्रं निघाली. त्यात तो जखमी झाला आणि 16 एप्रिलला किलकेनीत वारला. तोवर आर्चबिशपने राजाला पीटर द रोशच्या माणसांना दूर करायला भाग पाडायला सुरुवात केलीच होती. आयर्लंडला जाणं दोन महिने लांबलं असतं तर रिचर्ड कदाचित वाचला असता. त्याची बायको ब्रिटनीची, गर्व्हेझ द दिनाँ. मूल नव्हतं.

गिल्बर्टला धर्मसेवा सोडून यावं लागलं. राजाने त्याला नाइट केलं, स्कॉटलंडच्या राजाची बहीण मार्जरी हिच्याशी त्याचं लग्न झालं. दरबारात मात्र तो पाद्र्याचं शिक्षण घेतलेला अर्लच राहिला. आपण बापाचा मुलगा आहोत हे त्याला दाखवायचं होतं. 27 जून 1241 रोजी हर्टफर्डजवळ, राजाची मनाई असताना, त्याने टूर्नामेंट घेतली. घोडा परदेशी, जोरकस, हाताला नवा. लगाम तुटला, गिल्बर्ट खाली आला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्याने त्याला फरफटत नेलं. टूर्नामेंटवर उभ्या राहिलेल्या घराण्याचा मुलगा टूर्नामेंटमध्ये गेला. टेंपल चर्चमध्ये बापाजवळ त्याला पुरलं.

वॉल्टरही त्या मैदानात हजर होता. म्हणून हेन्रीने त्याचा ताबा काही महिने अडवून धरला. 1242 मध्ये त्याने लिंकनची काउंटेस मार्गारेट द क्विन्सी हिच्याशी लग्न केलं. ती विधवा, पहिल्या नवऱ्यापासून तिला मुलं होती. वॉल्टरपासून झालं नाही. 24 नोव्हेंबर 1245 रोजी तो गुडरिचला वारला. ॲन्सेल्म, ज्याला बाप काहीच देणार नव्हता, तो आता सगळ्याचा धनी होणार होता. राजाकडून ताबा मिळायच्या आतच, महिनाभरात, तो चेपस्टोला गेला. दोघे भाऊ टिंटर्नच्या मठात पुरले आहेत.

लोकांनी याला शाप म्हटलं. सेंट ऑल्बन्सचा साधू मॅथ्यू पॅरिस लिहितो की बाप मार्शलने आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपची दोन गावं घेतली होती. बिशप राजाबरोबर थडग्यापाशी आला, गावं परत द्या, मी पाप धुतो म्हणाला. मुलग्यांनी नकार दिला आणि बिशपने एका पिढीत नाव बुडेल असं सांगितलं. गावांचं भांडण खरं होतं. शापाची गोष्ट मात्र पाचही गेल्यानंतर लिहिलेली आहे, एवढं लक्षात घेतलं की तिचा भार हलका होतो.

वाटणी

1247 मध्ये जमीन पाच ठिकाणी गेली. पाच बहिणींपैकी तेव्हा एकटी मॉड हयात होती. तिला चेपस्टो आणि कार्लो मिळालं आणि मार्शलचा हुद्दाही तिच्याकडे, म्हणजे बिगॉडांकडे गेला. हुद्दा एकच, त्याचे पाच भाग होत नाहीत, म्हणून तो थोरलीला. तोच हुद्दा नंतर अनेक घरांतून फिरत आज नॉरफोकच्या ड्यूककडे आहे आणि इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक अजून त्याच्याच देखरेखीखाली होतो. किलकेनी क्लेअरांकडे, डनामेज ईव्हाच्या मुलींकडे. किल्डेअर सिबिलकडे जायचं, पण सिबिलला सात मुली होत्या आणि सातही वारस. पाचव्या हिश्शाचा सातवा हिस्सा, म्हणजे स्ट्राँगबोच्या लेन्स्टरचा पस्तिसावा भाग एकेकीला. वारस बहुतेक इंग्लंडमध्येच राहिले आणि आयर्लंडमधले तुकडे कारभाऱ्यांवर सोपवले. एका धन्याच्या हाताखालचं लेन्स्टर पुन्हा उभं राहिलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

वाटणीत कुणाची चूक मला दिसत नाही, कायदा तोच होता. रिचर्डचं बंड टाळता आलं असतं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या जागी गप्प बसलेल्यांच्या जमिनी जात होत्या. गिल्बर्टची टूर्नामेंट हा साफ टाळता येण्याजोगा निर्णय होता. पण सहा वर्षांच्या संसारात त्याला मूल झालं नव्हतं, तेव्हा तो जगता तरी ओळ चालली असतीच असं नाही.

बदलता येण्याजोगी जागा 1219 ते 1224 मधली. थोरला तरुण होता, विधुर होता, कुणाचा त्याच्यावर हात नव्हता. बापाने शेवटच्या दोन महिन्यांत राजाची सोय लावली. नोकरांना पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाला, द्यायचे झगे विकून आत्म्यासाठी दानधर्म करा, असं कारकुनाने सुचवलं तेव्हा झगे माणसांनाच मिळतील असं बजावलं. तीस वर्षांपूर्वी पवित्र भूमीतून आणलेली रेशमी वस्त्रं स्वतःच्या शवावर घालायला काढून दिली. इतक्या बारीक गोष्टी ध्यानात ठेवणाऱ्या माणसाने थोरल्याला बोलावून 'यंदा लग्न कर' एवढं म्हटलं असतं, तर राजाच्या बहिणीची बोलणी सुरू होण्याआधी घरात सून आली असती. मूल झालंच असतं याची हमी कुणी देऊ शकत नाही. पाच भाऊ, सहा बायका आणि एकही मूल नाही, हे पाहता दैवाचा भाग मोठा होता हे मान्य. तरी दहा-बारा वर्षं फुकट गेली नसती.

धाकट्या भावांनाही लवकर संसार करता आला असता. पण धाकट्याजवळ जमीन नसेल तर त्याला मुलगी कोण देणार? वॉल्टर आणि ॲन्सेल्मची लग्नं उशिरा झाली, त्यामागे बापाचं हे जुनं गणित होतं. थोरल्याला सगळं द्यायचं ते घराणं मोठं राहावं म्हणून. त्यामुळे धाकटे बिनलग्नाचे राहतात आणि थोरला गेला की मागची फळी रिकामी सापडते. ॲन्सेल्मचे 140 पौंड जॉनच्या रदबदलीने मिळाले. वॉल्टरसाठी आणि त्याच्यासाठी आणखी थोडं मोकळ्या हाताने सोडलं असतं तर हे दोघे तिशीच्या आत बाप झाले असते, असं मला वाटतं. यात थोरल्याचं जे घटलं असतं, ते 1247 च्या पाच तुकड्यांपुढे काहीच नव्हतं.

मुलींच्या ओळी भरभरून वाढल्या. इझाबेलची मुलगी स्कॉटलंडच्या ब्रूसांकडे पडली आणि तिचा नातू रॉबर्ट ब्रूस 1306 मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला. आणि जोन, जिच्या लग्नाशिवाय जीव हलका होत नव्हता, तिला बापाच्या पश्चात वॉरिन द मंचेन्सी याने बायको केलं. ती तरुणच गेली. तिची मुलगी, नाव जोनच, 1247 च्या ऑगस्टमध्ये राजाच्या सावत्र भावाला, विल्यम द व्हॅलान्सला, दिली गेली. वेक्सफर्ड, गुडरिच आणि पेम्ब्रोकचा किल्ला तिच्या वाट्याला आले. मार्शलने बांधलेला तो प्रचंड गोल बुरूज, दगडी घुमटाचा, त्याच वाट्यात. 30 पौंडांची जमीन मिळालेल्या मुलीचा नातू एमार हा पेम्ब्रोकचा अर्ल म्हणून 1324 पर्यंत जगला. त्यालाही औरस मूल नव्हतं.